चार पापडांवर रात्र : परदेशात बाबासाहेबांनी पोटाला चिमटा काढून कसे शिकले

बारावीचा निकाल लागला की गावागावांतून पोरं बाहेर पडतात. कोणी पुण्याला, कोणी संभाजीनगरला, कोणी मुंबईला. आई पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भाकरी, लाडूचा डबा भरून देते. पहिले आठ दिवस त्यावर निघतात. डबा संपला की खरा हिशेब सुरू होतो. मेसचे पैसे, खोलीचं भाडं, पुस्तकं आणि गावाकडून येणारी तुटपुंजी रक्कम. यातलं काय कापायचं? बहुतेक पोरं पोटच कापतात, कारण ते घरी कोणाला दिसत नाही.

शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक मराठी माणूस हाच हिशेब करत होता. वय तिशीच्या आसपास, घरी बायको-मुलगा, डोक्यावर मित्राचं कर्ज. रात्री दहा वाजता भुकेने पोटात कालवायला लागलं की तो चार पापड भाजून खायचा आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचा. पुढे त्यानेच देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. त्या पदव्या कोणत्या जेवणावर मिळवल्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

शिदोरी होती, पाणी नव्हते

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महू छावणीतला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला आले. तिथेच आई भीमाबाई वारल्या आणि आत्या मीराबाईंनी पोरांचे केले.

1901 च्या सुमारास रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळातल्या लोकांना काम मिळावे म्हणून तिथे तलावाचे खोदकाम चालू होते. सुट्टीत पोरांना वडिलांकडे बोलावणे आले. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चौघे नवे कपडे घालून, जेवणाची शिदोरी घेऊन साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरली. वडिलांना पत्र वेळेत मिळालेच नव्हते, त्यामुळे स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही.

पोरे अस्पृश्य समाजातली आहेत हे कळताच स्टेशन मास्तरचा सूर बदलला. एकही गाडीवान बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि बैल पोरांनीच हाकायचे, गाडीवान पायी चालणार, असा तोडगा निघाला. वाटेत एका नदीकाठी गाडीवान जेवायला गेला. पोरांनीही शिदोरी सोडली. पण घास खाली उतरायला पाणी लागतंच. जवळच्या डबक्यात गुराढोरांच्या शेणामुताचे घाण पाणी होते. शिदोरी तशीच बांधून ठेवावी लागली. मध्यरात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, तिथेही मिळाले नाही. जवळ अन्न असून ती चार पोरे रात्रभर उपाशी राहिली.

घर सोडून केलेल्या या प्रवासाची आठवण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. गरिबाला उपाशी ठेवते ती रिकामी पिशवी. त्यांना भरलेली शिदोरीही पोट भरू देत नव्हती, हे त्यांना नवव्या-दहाव्या वर्षीच कळले होते.

परळची एक खोली

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, सगळे. वडिलांची पेन्शन तुटपुंजी. तरी पोराने पुस्तक मागितले की रामजी लेकींच्या घरी जायचे. लग्न झालेल्या मुलींकडून पैसे उसने आणायचे. त्यांच्याकडे पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना गहाण पडायचा आणि पुस्तक घरात यायचे. पेन्शन हाती आली की दागिना सोडवायचा. आधी पुस्तक, मग बाकीचे, हा क्रम भीमरावांनी घरातच पाहिला.

1907 मध्ये ते मॅट्रिक झाले. दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न झाले, तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. 1913 च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी सयाजीरावांनी अमेरिकेत शिकायला पाठवायचे ठरवले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते.

न्यूयॉर्कचा हिशेब

जुलै 1913 मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तिथले अर्धेकच्चे अन्न काही घशाखाली उतरेना. जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि अडचणीच्या वेळी तीच कामाला आली.

पहिले काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले. जातीवरून कोणी अडवत नव्हते. एका टेबलावर बसून कोणाबरोबरही जेवता येत होते. मसूरच्या वाटेवर तहानलेल्या पोराला ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल! पण लवकरच ते सावध झाले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, त्यातला एक दिवसही पुन्हा मिळणार नव्हता.

आता पैशाचा हिशेब बघा. साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण 56 डॉलर. एक कप कॉफी, दोन मफिन म्हणजे गोडसर छोटे पाव आणि मटण किंवा माशाची एक डिश, एवढ्याला सुमारे 1 डॉलर 10 सेंट पडत, अशी चरित्रात नोंद आहे. दिवसातून एकदाच असे जेवायचे म्हटले तरी महिन्याला 33 डॉलर गेले. उरले 23. त्यातून खोली, कपडे, वह्या. त्यातूनच घरी मुंबईला पैसे पाठवायचे, कारण रमाबाई आणि घरातली माणसे त्यावर अवलंबून. आणि पुस्तके तर हवीतच.

म्हणून जेवणाला कात्री लागली. सिनेमा-नाटक, दारू-सिगारेट यांवर पैसा घालवायचा नाही असे ठरलेलेच होते. भूक दाबायची आणि वाचलेले सेंट घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायचे. तीन वर्षांत या माणसाने जवळपास 2000 जुनी पुस्तके जमवली. 1915 मध्ये एम.ए. झाले. 1916 मध्ये पुढच्या पदवीसाठीचा प्रबंधही तयार झाला.

पैसे होते, पण जेवायला जागा नव्हती

तिथून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट पाणतीराने बुडवली. पोट मारून घेतलेली किती तरी पुस्तके समुद्रात गेली. सामानाचा विमा होता म्हणून सुमारे 600 रुपये भरपाई मिळाली आणि त्यातूनच बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च निघाला.

बडोद्यात संस्थानची नोकरी होती, खिशात पैसे होते. तरी राहायला जागा देईना कोणी. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. राहणे-जेवण मिळून दिवसाचा दीड रुपया. सकाळी चहा-नाश्ता, रात्रीचे जेवण तिथला रखवालदार आणून द्यायचा. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. परदेशातून पदव्या घेऊन आलेला हा माणूस एका बागेत झाडाखाली बसून रडला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

म्हणजे परदेशात पैसे नव्हते म्हणून पोट मारावे लागले आणि आपल्या देशात पैसे असूनही ताट मिळेना.

साडेचारशे पगार, राहणी तीच

नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार महिना 450 रुपये. त्या काळी ही रक्कम फार मोठी. दुसरा कोणी असता तर आधी चांगल्या वस्तीत घर केले असते. आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चाची ठरलेली रक्कम द्यायची आणि बाकी साठवायचे. लंडनचा अर्धवट अभ्यास पुरा करायचा होता.

या हिशेबातला अर्धा वाटा रमाबाईंचा होता. लंडनला आणि न्यूयॉर्कला पोट मारले ते एकाने, परळला मारले ते दुसरीने. नवरा परदेशी असताना घर कसे चालले याचा जमाखर्च कोणी लिहून ठेवला नाही. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत जगले. एवढ्यावरून त्या चुलीची कल्पना यावी.

दीड वर्षात जमलेली बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले 5000 रुपये कर्ज, एवढ्या भांडवलावर जुलै 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

लंडनचा एक दिवस

लंडनमध्ये जेवण-राहण्यासह खोली घेतली होती. घरमालकीण मोठी कडक आणि चिक्कू. सकाळच्या नाश्त्याला पावाचा एक तुकडा, थोडा मुरंबा, माशाचा छोटा तुकडा आणि एक कप चहा. एवढे पोटात ढकलून गडी बाहेर पडायचा तो थेट ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. भाडे वाचावे म्हणून शक्य तितके पायी.

ग्रंथालय उघडले की आत जाणाऱ्या पहिल्या माणसांत ते असत. संध्याकाळी पाचपर्यंत तिथे बसायचे. दुपारी जेवायला उठायचे नाही. एक तर पैसे जातात, दुसरे म्हणजे वेळ जातो. तिथून दुसऱ्या ग्रंथालयात. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय होते, विद्यापीठाचे होते.

रात्री खोलीवर परतल्यावर बोव्हरिल नावाचे गरम पाण्यात कालवलेले पेय एक कप आणि थोडी बिस्किटे. हेच रात्रीचे जेवण. त्यावर पुन्हा अभ्यास. दहा वाजले की भूक सहन होईना. ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने पापडांची चळत दिली होती. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. मग पहाटेपर्यंत वाचन. खोलीतला सोबती मध्यरात्री जागा व्हायचा आणि आता झोपा म्हणून सांगायचा. खायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळायचे.

आपल्याकडे पापड म्हणजे ताटाच्या कडेची वस्तू. वरण-भात, भाजी, आमटी सगळे वाढून झाल्यावर शेवटी येतो तो पापड. लंडनच्या त्या खोलीत ताटच नव्हते, फक्त कडेचा पापड होता. ती चळतही जपून वापरायची. रोज चारच. पाचवा घेतला तर महिनाअखेर उपाशी झोपावे लागेल.

रुपयाचा अभ्यास

अशा अवस्थेत या माणसाने अभ्यासाला विषय कोणता घेतला? रुपया. हिंदुस्थानच्या रुपयाची किंमत कशी ठरते, सरकारच्या चलन धोरणाने ती कशी वरखाली होते आणि त्याचा फटका कोणाला बसतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. स्वतः एकेक पेनी मोजून खर्च करणारा विद्यार्थी एका आख्ख्या देशाच्या पैशाचा हिशेब तपासत होता.

1921 मध्ये एम.एस्सी. मिळाली. ऑक्टोबर 1922 मध्ये डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला. इंग्रज सरकारच्या धोरणावर त्यात कडक टीका होती. परीक्षकांना ती टोचली आणि प्रबंध पुन्हा लिहायला सांगितले. तोवर पैसे संपत आले होते. लंडनला थांबून लिहिणे परवडणारे नव्हते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले, परळच्या चाळीत बसून दुरुस्त्या केल्या आणि प्रबंध टपालाने पाठवला. त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी मिळाली आणि प्रबंध लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापूनही आला. बॅरिस्टरी पूर्ण झालीच होती. ती चालू करायची तर सनद काढायला पैसे लागत. तिथेही मित्र नवल भथेना धावून आले.

लंडनमध्ये किंग हेन्री रोडवरच्या 10 नंबरच्या घरात बाबासाहेब 1921-22 मध्ये राहत होते. ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले. तिथे आज स्मारक आहे.

स्वतः उपाशी राहिले, पोरांना उपाशी ठेवले नाही

इथवरची गोष्ट भाषणांत अधूनमधून सांगितली जाते. सांगणारे शेवटी पोरांना सांगतात, बाबासाहेब उपाशी राहून शिकले, तुम्हीही कष्ट करा. गोष्ट तिथे संपवली तर ती अर्धीच राहते.

बाबासाहेबांनी परत आल्यावर पोरांना उपाशी राहायला सांगितले नाही. जुलै 1924 मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे वसतिगृह. जानेवारी 1925 मध्ये ते सुरू झाले. खेड्यातून हायस्कुलात शिकायला येणाऱ्या अस्पृश्य समाजातल्या पोरांची राहण्याची, जेवणाची सोय तिथे केली. सभा-परिषदा, आंदोलने, कोर्टातली कामे हे सगळे चालू असताना या माणसाने आधी पोरांच्या ताटाची सोय बघितली.

पुढे आणखी ठिकाणी वसतिगृहे निघाली. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडून शिष्यवृत्त्यांची तरतूद करून घेतली. त्यातून काही मुले परदेशी शिकायला गेली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 1946 मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज आणि 1950 मध्ये औरंगाबादला मराठवाड्यातल्या गरीब पोरांसाठी कॉलेज सुरू झाले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय.

हे सगळे एका ओळीत मांडले तर मसूरची न खाता बांधलेली शिदोरी, बडोद्याचे हिसकावलेले ताट आणि लंडनचे चार पापड सोलापूरच्या वसतिगृहातल्या पंगतीपर्यंत येऊन पोहोचतात. स्वतःवर जी वेळ आली ती मागच्यांवर येऊ नये, एवढा साधा हिशेब त्यात होता.

आज घर सोडणाऱ्या पोरांसाठी

आजही तालुक्याहून शहरात गेलेली पोरे एक वेळ वडापाववर काढतात आणि फोनवर आईला जेवलो म्हणून सांगतात. घरच्यांनाही ते कळते, पण दोघेही बोलत नाहीत. पैसे जपून वापरावेत, हे खरेच. पुस्तकासाठी चैनीला कात्री लावावी, हेही खरे. पण जिथे हक्काची सोय आहे तिथे लाजून उपाशी राहण्यात काही मोठेपणा नाही.

समाज कल्याण विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातल्या ज्या विद्यार्थ्यांना दहावीनंतर शिकताना या वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, राहणे आणि शिक्षणाच्या साहित्यासाठी त्यातून थेट बँक खात्यात पैसे मिळतात. योजनेला त्यांचे नाव उगाच दिलेले नाही. इतर समाजातल्या मुलांसाठीही वसतिगृहाच्या आणि निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. कॉलेजात प्रवेश घेतानाच तिथल्या कार्यालयात आणि जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात चौकशी करावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, आधारशी जोडलेले बँक खाते हे कागद गावातून निघतानाच पिशवीत असावेत. चटणीच्या डब्याइतकेच ते महत्त्वाचे आहेत.

आणि पोरगं सुट्टीला घरी आलं की मार्क विचारण्याआधी नीट जेवतोस का, एवढं विचारावं.